साबणाचं पाणी

रतन गॅसच्या गाड्यांचा मेकॅनिक होता आणि त्याला गॅसचा वास येत नव्हता. ही गोष्ट अख्ख्या खडकीत दोनच माणसांना ठाऊक होती: एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको जया. गिऱ्हाइकांना कळली असती तर दुसऱ्या दिवशी गॅरेजला कुलूप लागलं असतं. आणि लागायलाच हवं होतं, असं रतनला एकटा असताना वाटायचं. चारचौघांत मात्र तो मूग गिळून बसायचा.

नाक गेलं ते कोरोनात. बाकीच्यांचं महिन्या-दोन महिन्यांत परत आलं, याचं आलंच नाही. शहरातल्या एका डॉक्टरांनी रोज लवंगा, लिंबाची साल आणि निलगिरी हुंगायला सांगितली. वर्षभर हुंगून झाल्यावर लवंगा पुन्हा मसाल्याच्या डब्यात गेल्या आणि रतनने तो विषय मिटवला. दुसऱ्या कुणाचं एवढं अडलं नसतं. पण गाडीत भरायच्या गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम सडक्या कांद्यासारखी घाण मिसळलेली असते. हे सगळं जिच्यासाठी करतात ती वस्तूच रतनच्या चेहऱ्यावर नावापुरती उरली होती.

भीती त्याच्या घराण्यातलीच होती म्हणा. वडील दारूगोळा कारखान्यात होते. तिथे फाटकावर रोज खिसे उलटे करून दाखवायचे, काडीपेटी सापडली तर नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही म्हातारा खिशाला हात लावून मगच उंबरा ओलांडायचा. रतनने गॅरेज काढलं तेव्हा दाराशी खिळ्याला बिस्किटांचा एक रिकामा डबा टांगला. येणाऱ्याने काडीपेटी, लायटर त्यात टाकायचा आणि मग आत यायचं. लोक हसायचे, पण टाकायचे.

नाक गेल्यावर त्याची मदार साबणाच्या पाण्यावर होती. प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचं पाणी फासायचं, बुडबुडा आला की तिथे गळती. किचकट काम, पण खोटं बोलत नाही. मग जया दुपारचा डबा घेऊन यायला लागली. डबा फळीवर ठेवायची, ओढणी सावरून गाडीभोवती एक फेरी मारायची, टाकीपाशी वाकायची आणि गाडीखालच्या खड्ड्याच्या काठाशी क्षणभर उकिडवी बसायची. गॅस हवेपेक्षा जड. गळला की खाली उतरतो आणि खड्ड्यात साचून राहतो, हे तिला रतननेच शिकवलं होतं. सगळं ठीक असलं तर ती म्हणायची, "जेवून घ्या." कुठे वास आला तर म्हणायची, "आधी हात धुऊन या." समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी त्याला पत्ता लागायचा नाही. हे दोघांनी कधी बसून ठरवलं नव्हतं. आपोआप सुरू झालं आणि चालू राहिलं.

मध्यंतरी रतनने गॅस ओळखणारं एक यंत्रही आणलं होतं. ते पेट्रोलला ओरडायचं, थिनरला ओरडायचं, एकदा तर एका गिऱ्हाइकाच्या अत्तरालाही ओरडलं. आठवड्याभरात ते खणात जाऊन पडलं. जया ओरडत नव्हती आणि चुकतही नव्हती. मग साबणाच्या पाण्याची बाटलीही फळीवर हळूहळू मागे सरकत गेली. गाडी जोडताना एकदा हात फिरवायचा, पुढचं जया बघेल.

फेब्रुवारीत मांजरी गावचा मच्छिंद्र एक ट्रक घेऊन आला. लष्कराच्या लिलावातला जुना पेट्रोल ट्रक, अंगाने बुटका, आवाजाने दांडगा. मच्छिंद्रची बरीचशी जमीन बिल्डरांकडे गेली होती, पैसा होता, पण हात रिकामे राहिल्यामुळे माणूस अस्वस्थ होता. उरलेल्या तुकड्यात ऊस होता. त्याच्या डोक्यात आलं, फिरती रसवंती काढायची. मागे ऊस पिळायचा चरक बसवायचा, तो ट्रकच्याच इंजिनावर फिरवायचा, आणि नव्या सोसायट्यांच्या फाटकाबाहेर उभं राहायचं. अडचण एकच होती, हा ट्रक पेट्रोल पिण्यात पटाईत होता. मच्छिंद्र म्हणाला, "ह्याला गॅसवर घ्या, रतनशेठ. आमचा रस प्यायला लोक हायेत, ह्याचं पेट्रोल प्यायला कोण पुरणार?"

काम रतनच्या आवडीचं होतं. मागे टाकी, तिच्यातून चासीच्या कडेने इंजिनापर्यंत तांब्याची नळी, पुढे रेडिएटरच्या गरम पाण्यावर द्रव गॅसची वाफ करणारा रिड्यूसर आणि कार्बुरेटरच्या तोंडाशी हवेत गॅस मिसळणारा मिक्सर. जुनं इंजिन पहिल्यांदा गॅसवर सुरू झालं तेव्हा इतकं गुळगुळीत चाललं की रतन स्वतःवरच खूश झाला. पण त्या खुशीच्या तळाशी एक भीती होती आणि ती कामाबरोबर वाढत गेली. बाकीच्या गाड्या माणसं घेऊन निघून जातात. या ट्रकाभोवती माणसं येऊन उभी राहणार होती. हातात ग्लास, कडेवर पोर, कुणी सिगारेट ओढणारा. आणि ही गर्दी घुंगरं वाजवून मुद्दाम बोलावलेली असणार होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी चरकाची चाचणी झाली. चरक सुरू झाला की अख्खा ट्रक थरथरायचा, टाकीसकट. मच्छिंद्रने दुपारभर ऊस घातला आणि शेजारच्या सगळ्या दुकानांना रस पाजला. जया डबा घेऊन आली, फेरी मारली, खड्ड्याशी बसली, उठली.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

रतन पोटभर जेवला. संध्याकाळी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, तो कसा उघडायचा हे मच्छिंद्रला दाखवलं आणि गॅरेजची एक किल्ली त्याच्या हातात ठेवली. पाडव्याला सकाळी सकाळी पूजा करून ट्रक न्यायचा मुहूर्त होता, घरच्यांना आधी येऊन सजावट करायची होती. रतनच्या घरी पूजाअर्चा नव्हती. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच ती संपली. पण गिऱ्हाइकाच्या पूजेला त्याने कधी आडकाठी केली नाही.

घरी आल्यावर तो मोबाईल घेऊन बसला होता. जया ओट्याशी कोथिंबीर चिरत होती. शेजारच्या कांताबाईंनी गॅलरीतून हाक मारली, "जया, अगं काय करपतंय? तुझ्याकडचंच आहे ना?" रतनने मान वर करून पाहिलं. शेगडीवरच्या आमटीतून धूर निघत होता, आणि जया तिच्यापासून हातभर अंतरावर पाठ करून उभी होती. ती दचकली, गॅस बंद केला, पातेलं सिंकमध्ये ठेवलं. "लक्षच नव्हतं माझं," ती म्हणाली. ते तिने कांताबाईंना सांगितलं, पण डोळे रतनकडे गेले आणि लगेच फिरले.

मग रतनला एकेक आठवायला लागलं. मागच्या महिन्यात तिने कांताबाईंना नासक्या दुधाचा चहा दिला होता. कोथिंबिरीची जुडी हुंगल्याशिवाय न घेणारी बाई आता भाजीवाल्यालाच "ताजी आहे ना?" असं विचारायला लागली होती. जानेवारीत तिला ताप येऊन गेला होता, चांगला आठवडाभर. आणि तापानंतर तिने एकदाही "आधी हात धुऊन या" म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. रतनला वाटलं होतं, आपला हात बसला.

विचारायला त्याने दोनदा तोंड उघडलं. पण ती हो म्हणाली तर? मग जानेवारीपासून गॅरेजमधून बाहेर पडलेली प्रत्येक गाडी कुणीच न तपासता गेली होती. शिवाय त्याचं नाक गेलं तेव्हा तिने त्याला एका शब्दाने खजील केलं नव्हतं. आता तोच तिच्याकडे बोट दाखवणार? असली कारणं माणसाला हवी तेवढी सापडतात. खरं कारण एवढंच की तो घाबरला होता. सकाळी लवकर जाऊन ट्रकचा जोड न् जोड साबणाने तपासायचा, असं ठरवून तो आडवा पडला आणि त्याला झोप लागली नाही.

सकाळी स्कूटरवर जया मागे बसली होती. रस्त्यात गुढ्या उभ्या राहत होत्या.

लवकर निघूनही उशीर झालाच. गॅरेजचं दार उघडं होतं, मच्छिंद्रचं कुटुंब केव्हाच येऊन पोचलं होतं. खड्ड्यावर उभ्या असलेल्या ट्रकला झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी बांधलेली, चरकाला नवी घुंगरं. मच्छिंद्रची आई तुळजाबाई नऊवारी सावरत ट्रकच्या तोंडाशी ताट मांडत होती. निरांजनात वात घातली होती, अजून लावली नव्हती. मच्छिंद्रने मोठ्या उत्साहाने सांगितलं की त्याने आल्या आल्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडून ठेवलाय, तुम्ही शिकवलं तस्सा, म्हणजे मुहूर्ताला एका चावीत इंजिन बोलायला हवं.

रतनने फळीवरून साबणाच्या पाण्याची बाटली काढली. आत बोटभर जुनं पाणी होतं, साबण तळाशी बसलेला. तो म्हणाला, एकदा जोड तपासतो, मग पूजा करा. मच्छिंद्रने घड्याळ दाखवलं. काल दुपारभर चालवलाय की, आता काय राहिलं? आणि कालबी वहिनींनी फेरी मारून बघितलं की. तुम्हीच सांगा वहिनी, समदं बरोबर हाय का न्हाय?

जयाने नेहमीची फेरी मारली. टाकीपाशी वाकली, खड्ड्याच्या काठाशी बसली. रतन इतकी वर्षं हे बघत आला होता, पण आज त्याने पहिल्यांदा तिच्या नाकपुड्यांकडे पाहिलं. त्या हलल्या. तिने खरंच श्वास घेतला होता, खोलवर, दोनदा. मग ती उठली.

"काही नाही," ती म्हणाली.

रतनला क्षणभर इतकं बरं वाटलं की त्याने हातातली बाटली खाली ठेवली. आमटी काय, कुणाचीही करपते.

तुळजाबाईला ताट पुसायला स्वच्छ फडकं हवं होतं. जयाने खुंटीवरचं एक पांढरं फडकं काढून, झटकून तिच्या हातात दिलं. रतनने ते फडकं ओळखलं. आदल्या संध्याकाळी घरी जाताना त्याने त्याच फडक्याने कार्बुरेटर पेट्रोलने धुऊन पुसला होता. त्यात पेट्रोलचा वास अजून मुरलेला असणार. जयाने ते स्वतःच्या तोंडासमोर धरून झटकलं होतं.

तुळजाबाईने फडकं ताटाजवळ नेलं आणि थांबली. "बाई, ह्याला पेट्रोलचा वास मारतोय की."

जयाचा हात हवेत तसाच राहिला. तिने रतनकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी नाक गेलं तेव्हा त्याने तिच्याकडे असंच पाहिलं होतं, एक शब्द न बोलता. या वेळी नजर तिची होती, एवढाच फरक.

मच्छिंद्र दाराशी डब्याकडे गेला होता. काडीपेटी घेऊन तो हसत परत आला, आज पूजेपुरती आत आणतो म्हणाला, आणि आईच्या हातातल्या निरांजनापाशी उभं राहून त्याने काडी बाहेर काढली.

"मच्छिंद्रशेठ, काडी ओढू नका." रतनचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. "आजी, फडक्याचं सोडा. दुसरा काही वास येतोय का तुम्हाला इथे?"

"येतोय की. आल्यापास्नं येतोय," तुळजाबाई म्हणाली. "सडक्या कांद्यावानी. म्या म्हणलं, गॅसचं ग्यारेज हाय, वास असायचाच. लोकाच्या दारात येऊन कशाला बोलायचं?"

मच्छिंद्रने नाक वर करून हुंगलं. आता त्यालाही जाणवलं. खरं तर मघापासून जाणवत होतं, पण रतनशेठ आणि वहिनी दोघंही शांत, म्हणजे काळजीचं नसणार, असं त्याने धरलं होतं. वास जावा म्हणून तो पंख्याच्या बटणाकडे वळला.

"बटणाला हात लावू नका! कशालाच लावू नका. आजींना घेऊन बाहेर व्हा, सगळे बाहेर व्हा." रतन म्हणाला. आणि मग, माणसं जागची हलेनात म्हणून, जे कोरोनापासून जयाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं ते त्याने सांगितलं. "मला वास येत नाही. गॅस साठलाय आणि मला कळत नाही."

यावर मात्र सगळे हलले. मच्छिंद्रने काडी न ओढता तशीच मुठीत आवळली आणि आईला दंडाला धरून बाहेर नेलं. जया जागेवरच उभी होती. रतनने तिला दाराकडे ढकललं, कधी नव्हे तेवढ्या जोराने.

आत तो एकटा राहिला. टाकीचा व्हॉल्व्ह ट्रकच्या मागे होता, खड्ड्याच्या वर. तिथपर्यंत चार-पाच पावलं, पण त्याला एकही टाकवेना. खिशात किल्ल्या होत्या; त्या खाली पडल्या तर? चप्पल फरशीवर घासली तर? खड्डा त्याला रिकामाच दिसत होता, रोज दिसायचा तसा, आणि हीच गोष्ट सर्वांत भयंकर होती. त्याने चपला काढल्या. किल्ल्या मुठीत घट्ट धरून तो अनवाणी गेला आणि वाकून व्हॉल्व्ह फिरवला. बंद होईपर्यंत त्याने श्वास घेतला नाही. व्हॉल्व्हच्या खालच्या नटावर पांढरा बर्फ धरला होता. कालच्या थरथरीने नळीचा जोड चिरला होता, आणि गॅस सकाळपासून तिथून खड्ड्यात उतरत होता.

बाहेर येऊन तो रस्त्यापलीकडे सगळ्यांबरोबर उभा राहिला. गॅरेजची दोन्ही दारं सताड उघडी होती, वारा होता. शेजारचा टायरवाला विचारायला आला, मच्छिंद्रने त्याला थोडक्यात सांगितलं आणि तोही आपलं शटर ओढून यांच्यात येऊन उभा राहिला. मुहूर्त टळून गेला. तुळजाबाईच्या हातातलं निरांजन तसंच न लावलेलं होतं.

"आईला वास आला नसता तर आज पेपरवाल्यांना पाडव्याची सुट्टी मिळाली नसती," मच्छिंद्र शेवटी म्हणाला. मग तो रतनकडे बघेना.

बऱ्याच वेळाने, तुळजाबाईने दाराशी जाऊन हुंगून आता काही नाही असं दोनदा सांगितल्यावर, रतन ताजं साबणाचं पाणी घेऊन आत गेला. व्हॉल्व्ह केसभर उघडून त्याने नटाला ब्रश लावला. बुडबुडा लगेच आला, फुगला, फुटला, दुसरा आला. हे काम ब्रशच्या एका फटकाऱ्याचं होतं. काल दुपारी जेवायच्या आधी केलं असतं तर काल दुपारीच कळलं असतं. त्याने व्हॉल्व्ह पुन्हा बंद केला.

जया दारात उभी होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तापापासून. मला वाटलं, येईल परत. रोज वाटायचं उद्या येईल." ती रडत नव्हती. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गॅरेज बंद केलं असतं. आणि तुम्ही साबण लावता ना प्रत्येक जोडाला. मी म्हटलं, मी नुसती वरवरची आहे, खरं तपासणं तुमचंच."

"मी साबण सोडून दिला होता," रतन म्हणाला. "तू होतीस म्हणून."

इतके महिने तो तिच्या भरवशावर आणि ती त्याच्या भरवशावर होती, आणि मध्ये कुणीच नव्हतं. रतनला आता गॅरेज बंद पडायची भीती उरली नव्हती. ती गेली तिथे दुसरी येऊन बसली होती, फार मोठी.

"तापानंतर कोणकोणत्या गाड्या गेल्या?" त्याने विचारलं.

त्याला वाटलं होतं आठवावं लागेल. पण जया थांबलीच नाही. बोपोडीची रिक्षा, दापोडीच्या डॉक्टरांची गाडी, भाजीचे दोन टेम्पो, लग्नाच्या मंडपवाल्याची व्हॅन. तिला एकेक गाडी रंगासकट पाठ होती. रोज झोपताना ती त्यांचीच उजळणी करत असणार, हे रतनला तेव्हा कळलं. शेवटचं नाव तिने हळू आवाजात घेतलं. "आणि कचरूभाऊंची शाळेची व्हॅन."

रस्त्यापलीकडे जाऊन, गॅरेजपासून लांब उभं राहून, रतनने पहिला फोन कचरूला लावला. आज शाळा बंद होती, तेवढ्यानेच त्याला थोडा धीर होता. फोन वाजत राहिला. मग कचरूने उचलला, सणाच्या शुभेच्छा दिल्या, मागे पोरांचा गलका चालू होता. शेजारपाजारची पोरं घेऊन बागेत चाललोय म्हणाला, व्हॅन अशी दाबून भरलीये की विचारू नका.

"कचरूभाऊ, गाडीत वास येतो का हो? सडक्या कांद्यासारखा?"

"येतो की," कचरू हसून म्हणाला. "गॅसची गाडी म्हटल्यावर वास येणारच. आम्ही काचा उघड्या ठेवतो. काय झालं?"

रतनने त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. चावी बंद करा, पुन्हा फिरवू नका, दार उघडा आणि पोरांना उतरवून लांब न्या. कचरूला आधी ती थट्टाच वाटली. मग त्याचं हसू थांबलं. जयाने जवळ येऊन फोनला कान लावला. इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं, सरकतं दार ओढल्याचं ऐकू आलं, आणि एक पोरगी विचारत होती, इथे का उतरायचं, बाग तर अजून आली नाही.